चाक वाजवणारे मिस्त्री

मिस्त्री माणसं नावानं लक्षात ठेवत नसत. गावातला कुणीही समोर आला की त्यांना आधी त्याच्या घरची बैलगाडी आठवायची, मग तिच्यातली खोड, आणि सर्वांत शेवटी माणूस. "तुमची डाव्या अंगाला झुकायची," ते म्हणत. "तुझा बाप बी ओट्यावर तसाच बसायचा." ज्यांनी गाडी मोडून ट्रॅक्टर घेतला त्यांच्याशी त्यांचं बोलणं लांबत नसे. त्यांना ओळखायला काही उरलेलं नसे. माझी ओळख 'तडकलेला तुंबा' एवढीच होती. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा, ज्यात आरे बसतात. आमच्या घरची ती गाडी मी लहानपणीच काय ती पाहिली. पुढं मी परभणीच्या एका दैनिकाला बातम्या पाठवू लागलो, त्या नावानिशी छापून येऊ लागल्या, तरी मिस्त्रींच्या लेखी मी तडकलेल्या तुंब्याचाच राहिलो.

त्यांचं दुकान गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याजवळच्या लिंबाखाली होतं. दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. आत बाभळीची लाकडं रचलेली, वाकस, पटाशा, एक भाता आणि पाण्याचा सिमेंटचा हौद. सुतारकाम आणि लोहारकाम बहुतेक गावांत वेगळ्या घरांत असतं. मिस्त्रींकडं दोन्ही होतं. चाक ते घडवत आणि चाकाला लोखंडाची धावही तेच चढवत. ताडकळसच्या बाजारापासून पूर्णेपर्यंतच्या पट्ट्यात हे काम करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. काम मागणारेही फारसे उरले नव्हते. गाड्यांना रबरी टायर आले, मग गाड्याच गेल्या. मिस्त्री टायरच्या गाडीत बसत नसत. कुणी बळंच चढवलं तर उतरल्यावर म्हणत, "वाजतच न्हाई तर कळायचं कसं, चाक हाय का गेलं?"

वाजणं हा त्यांच्या सगळ्या कामाचा पाया होता. चाक पुरं झालं, की ते उभं करून हातोड्यानं धावेवर एक घाव घालायचा आणि ऐकायचं. धाव घट्ट असेल आणि लाकूड वाळलेलं असेल तर आवाज लांबतो. धाव ढिली असेल तर आवाज फुटतो. आत ओल असेल तर तो जागच्या जागी बसतो. बाहेरून हात लावून यातलं काही कळत नाही, कारण कड चार उन्हांत वाळते आणि ओल आत दडून राहते. ओल्या चाकावर धाव चढवली तर त्या दिवशी ती घट्टच बसते. पुढं लाकूड वाळतं, आकसतं, आणि लोखंड आहे तेवढंच राहतं. म्हणून मिस्त्री ओलं चाक घेत नसत. "वाळू द्या" असं सांगून लोकांना परत पाठवत. लोक चिडत, शिव्या घालत आणि चाक परत नेत.

धाव चढवायच्या दिवशी दुकानाजवळ बोलायला बंदी असे. लोखंडाची कडी जमिनीवर ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचत. कडी लाल झाली की तिघांनी सांडशांनी उचलायची, चाकावर बरोबर टाकायची, हातोड्यांनी बसवायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. त्या वेळात कुणी खोकला तरी मिस्त्री खोकणाऱ्याकडं असं बघत, की तो उठून नाल्यापलीकडं जाऊन खोकत असे. एकदा कडी हवेत असताना दूध संकलनाच्या एका माणसाचा फोन वाजला. मिस्त्रींनी मान वळवली नाही. धाव बसली, वाफ निवली. मग त्यांनी त्या माणसाच्या खिशातून फोन काढला आणि हौदात सोडला. तो दुसऱ्या दिवशी भांडायला आला. मिस्त्रींनी त्याचं सगळं बोलणं संपू दिलं आणि विचारलं, "गाडी कोणती तुमची?"

नांदेडच्या रस्त्यावर एक मोठं हॉटेल झालं. गावाकडचं जेवण, बाजा, कंदील, तसल्या थाटाचं. त्याचे मालक दारातल्या भिंतीवर लावायला चाकं घ्यायला आले. जुनी असली तरी चालतील, उलट जुनीच बरी, म्हणाले. मिस्त्रींनी एक चाक उभं केलं, वाजवलं आणि नापास करून बाजूला ठेवलं.

"अहो, भिंतीलाच टांगायचंय," मालक म्हणाले.

"मग धाव कशाला पायजे? भिताड कुठं चाललंय?"

"शोभेला हो, मिस्त्री."

"शोभेला लग्नातली कमान न्या. पडलं एखाद्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात तर लोक म्हणतील, चाक ह्यांचं हुतं."

मालकांनी शेवटी चाकं दुसरीकडून आणली. ती प्लायवुडची होती असं ऐकतो.

या सगळ्यात मिस्त्रींच्या शेजारी सरू असे. सरू त्यांची मुलगी. शाळेत ती माझ्या वर्गात होती. लग्न होऊन मानवतजवळ गेली, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन परत आली आणि भात्यावर बसली. मुलीचं लग्न झालं, तरी सरू भात्यावरच होती. हातोडा मिस्त्रींसारखाच धरायची. फार बोलत नसे. बाप सगळ्या गावाला गप करायचा आणि ती आधीपासून गपच असायची, त्यामुळं दोघांचं जमत होतं. ती त्यांना दादा म्हणायची.

आमच्या गावात चैत्रात खंडोबाची जत्रा भरते आणि बारा गाड्या ओढल्या जातात. बारा लाकडी गाड्या एकीमागं एक बांधायच्या, त्यांत माणसं भरायची आणि भगताच्या कमरेला दोर बांधायचा. मंदिरापासून वेशीपर्यंत भगत त्या ओढतो. मैदानाला उतार आहे. एकदा गाड्या हलल्या की त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नसतं, आणि भगत सगळ्यांत पुढं, गाड्यांकडं पाठ करून असतो. मिस्त्रींच्या वडिलांच्या काळात उतारावर एका गाडीचं चाक निखळलं. गाडी कलंडली आणि मागच्या तिच्यावर चढल्या. माणसं दगावली. तेव्हा गावानं ठरवलं, की प्रत्येक गाडीची चाकं मिस्त्रींच्या घरानं वाजवून बघायची. चाक चांगलं असेल तर त्यापुढं नारळ फोडायचा. नारळ फुटला नाही तर गाडी जुंपायची नाही, मग ती कुणाची का असेना. गावात सरपंच बदलले, पक्ष बदलले, पण हा हक्क कुणी काढून घेतला नाही.

जत्रेच्या दिवशी मिस्त्री धुतलेलं धोतर नेसून मैदानात उतरत आणि "गप बसा!" म्हणून ओरडत. हलगी थांबे, पिपाण्या थांबत. सरू नारळांची टोपली घेऊन चाकाच्या पलीकडं उभी राही. मिस्त्री घाव घालत, क्षणभर थांबत आणि हात पुढं करत. सरू हातावर नारळ ठेवी. नारळ फुटे. पुढची गाडी.

मागच्या वर्षी मी फोटो काढायला जवळ उभा होतो. एका गाडीशी मिस्त्रींनी घाव घातला, हात पुढं केला, आणि सरूनं नारळ दिला नाही. तिचा हात टोपलीवरच राहिला. मिस्त्री लगेच म्हणाले, "काढा ही. आरा हाललाय." मी घरी येऊन फोटो पाहिले. घावानंतरच्या एकाही फोटोत मिस्त्रींची नजर चाकावर नव्हती. सगळ्यांत ती सरूच्या हातावर होती.

त्यानंतर मी दुकानावर गेलो की लक्ष ठेवू लागलो. मागून हाक मारली तर मिस्त्री वळत नसत. समोरून बोललं तर ओठ बघत. लोकांना गप करण्याचा त्यांचा हट्ट वर्षागणिक वाढत चालला होता, त्याचाही अर्थ लागला. ऐकू येत नाही याचा दोष ते आवाजाला देत होते. एक दिवस मी सरूला हळूच विचारलं. ती भाता ओढत होती. तिनं ओढणं थांबवलं नाही.

"तुला कोण म्हणलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही. दिसलं."

"मग दिसलं तेवढं पुरे. छापायचं न्हाई."

"त्यांना माहीत आहे का, तू त्यांना सांगतेस ते?"

"मी काय सांगतेय? मी नारळ देते."

त्यांच्यात याविषयी एकदाही बोलणं झालं नव्हतं, हे तिनं नंतर सांगितलं. ठरवलं कुणीच नव्हतं. काम पुढं चालत होतं आणि चाकं चांगली निघत होती.

गेल्या दिवाळीनंतर सरू लेकीच्या बाळंतपणाला मानवतला गेली. नेमकं त्याच दिवसांत जत्रा समितीच्या अध्यक्षांनी आपल्या गाडीचं चाक दुकानावर पाठवलं. अध्यक्षांच्या घरची गाडी ही मानाची, ओळीत पहिली. वर्षभर ती कुणी वापरत नाही. पावसाळाभर ती गळक्या छपराखाली उभी होती. अध्यक्ष स्वतः आले होते. म्हणाले, "वाळलंय मिस्त्री, बघा की हात लावून." मिस्त्रींनी चाक वाजवलं. ऐकणारं कुणी नव्हतं. परत पाठवलं असतं तर अध्यक्षांनी कारण विचारलं असतं. मिस्त्रींनी शेजारच्या दोघांना बोलावून धाव चढवली. सरू परत आली तोपर्यंत चाक गेलं होतं. पुढं अध्यक्षांनी त्याला हिरवा आणि पिवळा ऑइलपेंट दिला.

यंदा दुसऱ्या एका गावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाल्यामुळं आमच्या समितीनं बंदोबस्त वाढवला. मैदानाभोवती बांबूंचे कठडे बांधले. पुरुष मंदिराच्या बाजूला, बायका शाळेच्या भिंतीकडं. आत फक्त भगत, समितीची माणसं, मिस्त्री आणि बिल्ला लावलेले स्वयंसेवक. मला पत्रकार म्हणून सोडलं. सरू टोपली घेऊन आली तेव्हा एका स्वयंसेवकानं ती तिच्या हातातून घेतली.

"मावशी, बायांना तिकडून बघायचंय. नारळ मी देतो की."

"दरसाली मीच देते."

"औंदा न्हाई. बघा, सगळ्या बाया तिकडंच हायत."

सरूनं मिस्त्रींकडं पाहिलं. ते पाठमोरे होते, अध्यक्षांशी बोलत होते. ती "दादा" म्हणाली. मग तिला कठड्यापलीकडं नेलं गेलं.

मी अध्यक्षांना म्हणालो, "सरूबाईला आत येऊ द्या. त्यांचं काम आहे इथं."

"काय काम? नारळ द्यायला काय शिक्षण लागतंय?" अध्यक्ष हसले. "तुमी फोटू काढा साहेब. पहिल्या गाडीत आमची नातवंडं हायत, ती यायला पायजेत फोटूत."

नातवंडं गाडीत बसलेली होती. मागच्या गाड्याही भरल्या होत्या. भगताचं नाव मारोती, मेंढरं राखणारा, बोलायला फटकळ. सकाळपासून उपाशी, अंगाला हळद, कमरेला दोर. ऊन डोक्यावर होतं आणि तो अनवाणी उभा होता.

मिस्त्री पहिल्या गाडीशी आले. झेंडूच्या माळा बाजूला केल्या. "गप बसा!" ओरडले. हलगी थांबली. त्यांनी घाव घातला आणि हात पुढं केला.

नारळ लगेच हातावर पडला.

मिस्त्रींनी नारळाकडं पाहिलं, मग तो देणाऱ्या हाताकडं. त्या हाताला घड्याळ होतं. त्यांनी मान वर केली. चाकाच्या पलीकडं बिल्ला लावलेला स्वयंसेवक उभा होता आणि दुसरा नारळ काढून तयार ठेवत होता.

"सरू कुठंय?"

"बाया तिकडं हायत, मिस्त्री."

त्यांनी शाळेच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं नुसते पदर आणि डोकी दिसत होती. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि पुन्हा घाव घातला. मैदान शांत होतं. तो घाव सगळ्यांनी ऐकला, मीही ऐकला. चांगला होता की वाईट, मला कळलं नाही. मिस्त्रींनी चाकावर तळवा टेकला. काढला. पुन्हा टेकला. मग वळून गर्दीवर ओरडले, "गप बसा म्हणलं ना!"

कुणीच बोलत नव्हतं. मैदानात कुठंही आवाज नव्हता.

काही लोक हसले. पुरुषांच्या बाजूनं एकजण म्हणाला, "मिस्त्रीच्या आंगात आलं की काय!" दुसरा म्हणाला, "भगत ऱ्हायला बाजूला, हेच घुमायले." हलगीवाल्यानं उगीच एक थाप मारली. हसणं पसरलं.

अध्यक्ष जवळ आले. आवाज खाली ठेवून, पण रागानं म्हणाले, "काय चाललंय? भगत कवाचा उन्हात उभा हाय. फोडा नारळ."

मिस्त्री त्यांच्या ओठांकडं बघत होते.

"ही धाव तुमीच बसवली ना? दिवाळीला? मग तुमचाच तुमच्यावर भरोसा न्हाई का?"

हे त्यांना समजलं. चेहऱ्यावरून दिसलं. त्यांनी नारळ उचलला. दगड पुढं होता. समितीची माणसं "येळकोट येळकोट" म्हणू लागली आणि गर्दीनं "जय मल्हार" उचललं. भंडारा उधळला गेला. मारोतीनं कमरेचा दोर जरा ओढून पाहिला. पहिली गाडी जराशी करकरली. शाळेच्या बाजूला कठड्याचा एक बांबू हलत होता. कुणीतरी तो उचलायचा प्रयत्न करत होतं आणि दोन स्वयंसेवक तो दाबून धरत होते. सरू ओरडत होती. एवढ्या आवाजात ते मलाही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं तोंड दिसत होतं.

मिस्त्रींचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. मग खाली आला. ते पुढं गेले आणि नारळ मारोतीच्या हातात दिला.

"धर. हलू नको."

"कुठं चालले, मिस्त्री?"

हातोडा घेऊन ते मैदान ओलांडून बायकांच्या बाजूला निघाले. लोकांना वाटलं, रुसून निघाले. शिट्ट्या वाजल्या. "मिस्त्री, टायर बसवून घ्या चाकाला!" असं कुणीतरी ओरडलं. ते कठड्यापर्यंत गेले, डोकी बघत बघत सरूपाशी थांबले. स्वयंसेवकानं अजून बांबू धरून ठेवला होता. मिस्त्री मागं वळले. अध्यक्ष त्यांच्या पाठोपाठ आले होते.

मिस्त्री म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई."

ते मोठ्यानं म्हणाले, कारण आपला आवाज किती निघतो हे त्यांना कळत नसे. मंदिराच्या बाजूपर्यंत गेलं. येळकोट थांबला.

"लय दिवस झाले. हिला येतंय. हिला आत सोडा."

स्वयंसेवकानं बांबू सोडला. सरू वाकून आत आली. तिनं हातोडा घेतला नाही. पदर खोचला आणि बापाच्या पुढून चालत पहिल्या गाडीपाशी आली. आता खरोखरच कुणी बोलत नव्हतं.

"वाजवा की मग," अध्यक्ष म्हणाले.

"हे मी तिथूनच ऐकलं," सरू म्हणाली. "आधी ही लेकरं खाली घ्या."

"का? काय झालंय चाकाला?"

मिस्त्री तिच्या शेजारी येऊन उभे होते, तिच्या तोंडाकडं बघत. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती अध्यक्षांकडं बघून म्हणाली, "धाव ढिली हाय."

"आँ? ही तर तुमच्याच दुकानातली."

"हाव. आमीच बसवली."

"तू हुतीस का तवा?"

"आमीच बसवली म्हणलं ना."

अध्यक्षांचं तोंड दुसरीकडं होतं आणि सरूचंही. मिस्त्रींना काही कळलं नाही. त्यांनी तिचा दंड धरला. "काय? काय हाय?"

तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. सगळ्या मैदानादेखत तिला ते ओरडून सांगावं लागलं.

"दादा, आपली धाव ढिली हाय!"

मिस्त्रींनी दंड सोडला. ते चाकापुढं उकिडवे बसले. कमरेची पटाशी काढली आणि लोखंड नि लाकूड जिथं भेटतं तिथं, पेंटावर, धार टेकवली. दाबली. हिरवा पोपडा निघाला आणि पटाशीचं पातं सहज आत गेलं. त्यांनी ते आतल्या आत थोडं पुढं सरकवून पाहिलं. तिथंही गेलं. पटाशी त्यांनी चाकातच राहू दिली. मग म्हणाले, "काढा."

नातवंडांना उतरवलं. अध्यक्षांच्या आवाजातली धार गेली होती, पण माघार घेणं त्यांना जमत नव्हतं. म्हणाले, "बाराच्या अकरा करता? देवाचं काय?"

मारोती इतका वेळ नारळ धरून उभा होता. म्हणाला, "दोर माझ्या कमरेला हाय का तुमच्या? बारावीचं मी बघतो देवासंगं. तुमी गाडी घ्या बाजूला, पाय भाजायलेत माझे."

मानाची गाडी ओढून मंदिराच्या कडेला लावली. सरूनं हातोडा घेतला आणि उरलेल्या गाड्यांची चाकं एकेक करून वाजवली. प्रत्येक घावानंतर मैदान वाट बघायचं. ती मान हलवायची, स्वतःच नारळ उचलून बापाच्या हातात द्यायची, आणि मिस्त्री तो फोडायचे. एक नारळ दुसऱ्या घावाला फुटला. कुणी हसलं नाही. मग मारोतीनं दोर ताणला, भंडाऱ्यानं मैदान पिवळं झालं, आणि अकरा गाड्या उतारावरून वेशीपर्यंत गेल्या. काही झालं नाही. काही झालं नाही याची बातमी होत नाही. मी जत्रा उत्साहात पार पडल्याचा मजकूर पाठवला आणि तो फोटोशिवाय छापून आला.

गावानं मिस्त्रींना नावं ठेवली नाहीत, हे खरं नाही. पारावर काही दिवस पेंटाचा आणि पटाशीचा विषय चालला. अध्यक्षांनी आपलं चाक बरेच दिवस पाठवलं नाही, मग पाठवलं. घेऊन आलेल्या गड्यानं दुकानात येऊन कुणाशी बोलावं याचा थोडा विचार केला आणि सरूकडं वळला. पण सगळ्यांत मोठा फरक वेगळाच झाला. मिस्त्रींना ऐकू येत नाही हे कळल्यापासून गावातला प्रत्येक जण त्यांच्याशी ओरडून बोलू लागला. लोक काळजीनंच ओरडतात. रस्त्यावरून, ओट्यावरून, मोटारसायकलवरून. "मिस्त्री, जेवलात का?" हे नाल्यापलीकडून ऐकू येतं, फक्त मिस्त्रींना नाही. त्यांना समोरच्याचं वाकडं झालेलं तोंड तेवढं दिसतं आणि त्यातून एकही शब्द कळत नाही. ते म्हणतात, "गाव भांडकुदळ झालंय."

सरू ओरडत नाही. ती पूर्वीसारखीच, तोंडातल्या तोंडात बोलते, आणि तेवढं त्यांना कळतं.

मागच्या आठवड्यात दुकानावर गेलो होतो. अध्यक्षांच्या चाकाची धाव कापून, आखूड करून पुन्हा चढवली होती. वाफ निवली होती. सरूनं चाक उभं केलं, हातोडा मिस्त्रींच्या हाती न देता स्वतःच घाव घातला. आवाज नाल्यापर्यंत गेला आणि सावकाश विरला. मिस्त्री हौदाच्या काठावर बसून तिच्याकडं बघत होते. ती काही बोलली नाही. हातोडा खाली ठेवला आणि हात धुवायला वळली.

मी मिस्त्रींच्या समोर जाऊन, न ओरडता विचारलं, "कसं आहे चाक?"

"लय ब्येस वाजतंय," मिस्त्री म्हणाले.